खवले, बिया आणि निळा धागा

पाद्री आणि पानंफुलं ही जोडी मराठी वाचकाला नवी नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही अभ्यासकांच्या कामी येतो. फादर सांतापाव खंडाळ्याच्या घाटात हिंडले आणि तिथल्या वनस्पतींवरचं त्यांचं पुस्तक १९५३ साली आलं. इंग्लंडात तर खेड्यातला पाद्री आणि त्याची फुलपाखरांची पेटी हा ठरून गेलेला नमुना. गिल्बर्ट व्हाइटनं सेल्बोर्न या एका गावाच्या पशुपक्ष्यांवर लिहिलेलं पुस्तक १७८९पासून छापलं जातंय. ट्रिस्ट्रॅम हा अँग्लिकन धर्मगुरू पॅलेस्टाइनभर फिरला, पक्षी आणि झाडं टिपली आणि १८६७मध्ये बायबलातल्या निसर्गावर ग्रंथ लिहून मोकळा झाला. पण ज्यांचा तो मूळ ग्रंथ, त्या ज्यू समाजाच्या धर्मगुरूंमध्ये, म्हणजे राब्बींमध्ये, असे निसर्गअभ्यासक किती? एकोणिसाव्या शतकातली नावं आठवायला बसलं तर ती बोटांवर मोजण्याइतकीच निघतात. आणि जी निघतात त्यांचं शास्त्र पाद्र्यांच्या शास्त्रासारखं नाही. ते रानातून आलेलं नाही, कायद्यातून आलेलं आहे.

राब्बींना निसर्गाचं वावडं होतं, असं म्हणणारे ‘आचार्यांची वचने’ या जुन्या संग्रहाकडे बोट दाखवतात. वाटेनं पाठ म्हणत जाणारा माणूस मध्येच पाठ थांबवून झाडाच्या सौंदर्याचं कौतुक करू लागला तर तो आपल्या जिवाला मुकल्यासारखाच, असा त्यातल्या एका वचनाचा आशय आहे. वचन कडक आहे खरं, पण एवढ्यावर सगळा दोष टाकणं अन्यायाचं होईल. युरोपात शतकानुशतकं ज्यूंना बहुतेक ठिकाणी जमीन बाळगायला बंदी होती, राहायचं तर गावातल्या ठरावीक गल्लीत. सेल्बोर्नच्या पाद्र्याला बाग, कुरण आणि मोकळा वेळ मिळाला होता. पोलंडातल्या राब्बीला मिळालं ते अभ्यासाचं मेज आणि दाराशी प्रश्न घेऊन उभी असलेली माणसं.

हे प्रश्नच त्याला निसर्गाकडे खेचत होते. ज्यू धर्मशास्त्रात काय खावं, काय पेरावं, कोणतं फळ सणाला हातात धरावं, याचे नियम आहेत आणि प्रत्येक नियमाच्या मुळाशी ओळख पटवण्याचं काम आहे. माशाला पर आणि खवले हवेत. पक्ष्यांच्या बाबतीत निषिद्ध पक्ष्यांची यादी आहे, पण यादीतली निम्मी नावं नेमकी कोणाची हे हजार वर्षांनी कोणी सांगावं?

माशांचा नियम आपल्या कोकणाला चांगला ठाऊक आहे. बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजात सांगतात की डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू पुरुष कोकणात आला, तेलाचे घाणे चालवणाऱ्या या लोकांचं मूळ पारखावं म्हणून त्यानं बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले, आणि बायकांनी खवल्यांचे मासे तेवढे वेगळे काढले. राहाबी केव्हा आला यावर इतिहासकारांत मतभेद आहेत, कथेला पुरावा मागण्यात अर्थ नाही. पण शिंगाळा आणि मुशी बाजूला सारणाऱ्या त्या बायका करत होत्या ते वर्गीकरणच होतं. आणि ते करायला कोकणात राब्बी नव्हताच. समाजाचे धार्मिक व्यवहार काझी सांभाळत.

एकोणिसाव्या शतकात हे प्रश्न एकदम वाढले. जहाजं आणि रेल्वे नवे प्राणी, नवी फळं घेऊन येऊ लागली. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला बर्नार्ड इलोवी हे राब्बी होते. तिथले ज्यू मस्कोव्ही बदक सर्रास खात. हे बदक मूळचं अमेरिका खंडातलं. इलोवींनी ते निषिद्ध ठरवलं आणि फ्रँकफुर्टला राब्बी सॅमसन राफाएल हिर्श यांना आणि लंडनला राब्बी नेथन अ‍ॅडलर यांना लिहून विचारलं. दोघांनीही इलोवींची बाजू घेतली. कारण असं की पक्ष्याच्या बाबतीत नुसती शरीररचना पुरेशी नाही, तो आपल्या वाडवडिलांनी खाल्ला आहे अशी परंपरा हवी. अमेरिकेतल्या बदकाला युरोपातले वाडवडील आणायचे कुठून? गंमत अशी की टर्कीही अमेरिकेतलीच, पण कोणी विचारायच्या आत ती लोकांच्या ताटात पोचली होती आणि बहुतेक समाजांत तिथेच राहिली.

फळाचा वाद याहून मोठा झाला. शरद ऋतूतल्या मंडपांच्या सणाला, सुकोतला, ज्यू माणूस हातात एत्रोग धरतो. एत्रोग म्हणजे आपलं महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं फळ तेच. युरोपातल्या ज्यूंना ही फळं बऱ्याच अंशी ग्रीसजवळच्या कॉर्फू बेटावरून यायची, आणि तिथले बागाईतदार महाळुंगाचं लिंबावर कलम करतात असा संशय होता. कलमी फळ चालत नाही. मग खरं फळ ओळखायचं कसं? राब्बींनी खुणा ठरवल्या होत्या. अस्सल महाळुंगाची साल खडबडीत, लिंबाची गुळगुळीत. अस्सलचं देठ आत खोल रुतलेलं, लिंबाचं वर आलेलं. अस्सलात साल जाड आणि रस थोडा. आणि कापून पाहिलं तर बिया फळाच्या लांबीत उभ्या, लिंबाच्या आडव्या. ही खुणांची यादी वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. १८७०च्या दशकात कोव्हनोचे राब्बी इसाक एल्खानान स्पेक्टर यांनी कॉर्फूच्या फळांविरुद्ध भूमिका घेतली, १८९१मध्ये कॉर्फूत ज्यूंवर बालहत्येचा खोटा आरोप होऊन दंगल उसळली आणि बहिष्काराला वेगळीच धार आली. कलमानं फळाचा वंश बदलत नाही, हे आज आपल्याकडचा कुठलाही नर्सरीवाला सांगेल. पण त्या वादात व्यापार, प्रदेश आणि धर्म इतके गुंतले होते की झाडाचं मत कोणी विचारलं नाही.

आता या वातावरणातून निघालेल्या माणसांकडे वळू.

डान्झिगचे इस्राएल लिप्शित्झ (१७८२–१८६०) यांचं मिश्ना या ज्यू कायद्याच्या प्राचीन संहितेवरचं भाष्य आजही पाठशाळांत वाचलं जातं. १८४२च्या एका प्रवचनात त्यांनी सायबेरियात सापडलेल्या मॅमथची आणि क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं अभ्यासलेल्या जीवाश्मांची चर्चा केली आणि ठासून सांगितलं की पृथ्वीवर आपल्या आधी दुसरी जगं होऊन गेली, ही कबालातली, म्हणजे ज्यू गूढविद्येतली, जुनी शिकवण आता जमिनीतून सिद्ध होऊन वर आली आहे. डार्विनचा मुख्य ग्रंथ यायला अजून १७ वर्षं होती. पाद्री मंडळी भूगर्भशास्त्राशी झगडत असताना एक राब्बी हाडांचं स्वागत करतो, हे पाहून कौतुक वाटतं. पण हेच लिप्शित्झ दुसऱ्या ठिकाणी अगदी भोळे होतात. तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या प्राचीन ग्रंथात, अर्धा मांसाचा आणि अर्धा मातीचा असा उंदीर आहे. त्यावर हसणाऱ्यांना गप्प करायला लिप्शित्झ लिंक या जर्मन शास्त्रज्ञाच्या पुस्तकाचा, पानाच्या क्रमांकासह, हवाला देतात की असा प्राणी इजिप्तमध्ये सापडला आहे. लिंकनं ती माहिती डायोडोरस या प्राचीन ग्रीक लेखकाची समजूत म्हणून दिली होती. छापील जर्मन पुस्तकाचा धाक मोठा होता, एवढंच खरं. आपल्याकडे पुष्पक विमानाला परदेशी ग्रंथाचे दाखले देणाऱ्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

लुडविग लेव्हिझोन (१८१९–१९०१) ही वेगळी जात. पोझेन प्रांतात जन्म, जर्मनीत वर्म्सला राब्बी आणि नंतर स्टॉकहोमला. जर्मन राज्यांत तोवर विद्यापीठात शिकलेले ‘राब्बी डॉक्टर’ तयार होऊ लागले होते. काही ठिकाणी तर सरकारच धर्मगुरूकडून आधुनिक शिक्षणाची अपेक्षा करत होतं. लेव्हिझोन यांनी १८५५मध्ये वर्म्सच्या जुन्या कबरस्तानातले ६० शिलालेख प्रसिद्ध केले आणि १८५८मध्ये फ्रँकफुर्टहून ‘तालमुदाचं प्राणिशास्त्र’ हा जर्मन ग्रंथ. तालमुदात विखुरलेले प्राण्यांचे उल्लेख गोळा करून त्यांनी ते सस्तन, पक्षी, मासे, कीटक अशा तत्कालीन प्राणिशास्त्राच्या क्रमात लावले. दोन्ही पुस्तकांत कामाची रीत एकच दिसते: जुनी अक्षरं झिजायच्या आत उतरवून घ्यायची. प्राणिशास्त्राचं पुस्तक पायाचा दगड आहे, पण वाचायला रुक्ष, आणि प्राणी स्वतः पाहिल्याची खूण त्यात क्वचितच दिसते. याच सुमारास, १८६२पासून, मेंदेले मोखेर स्फोरिम यांनी एका जर्मन पुस्तकाच्या आधारे हिब्रूत निसर्गेतिहासाचे ३ खंड काढले. ते राब्बी नव्हते आणि पुढे कादंबरीकार म्हणून मोठे झाले, तेव्हा इथे नुसती नोंद.

पुस्तक मिटून समुद्राकडे जाणारा एकच राब्बी या यादीत आहे आणि त्याचीच गोष्ट सर्वांत करुण आहे. पोलंडातल्या राद्झिनचे हसीदी या भक्तिमार्गी पंथाचे गुरू गेर्शोन हेनोख लाइनर (१८३९–१८९०). शास्त्राप्रमाणे ज्यू पुरुषाच्या वस्त्राच्या चार कोपऱ्यांवरच्या गोंड्यांत एक धागा निळा हवा. तो रंग हिल्लाझोन नावाच्या समुद्रजीवापासून काढत. मध्ययुगाच्या सुरुवातीच्या काळात ती विद्या हरवली आणि गोंडे पांढरेच राहिले. लाइनरना ते मान्य नव्हतं. रंग हरवला म्हणजे आज्ञा रद्द झाली असं कुठे लिहिलंय, असा त्यांचा सवाल. तालमुदातल्या खुणा घेऊन, म्हणजे अंग समुद्रासारखं, घडण माशासारखी, रक्तापासून रंग, ते इटलीला नेपल्सला पोचले. तिथे आंतोन डोर्ननं १८७०च्या दशकात उभारलेलं समुद्रजीव संशोधन केंद्र आणि मत्स्यालय होतं. काचेमागचे प्राणी पाहत पाहत लाइनर एका प्राण्यापाशी येऊन थांबले: सेपिया. आपल्या किनाऱ्यावरचा माकूल त्याच गोतातला. माकूल शाई सोडतो हे कोळणीला सांगावं लागत नाही. लाइनरना ती शाई म्हणजे हिल्लाझोनचं रक्त वाटली.

शाई काळपट तपकिरी, हवा तर निळा रंग. एका रसायन जाणणाऱ्याच्या मदतीनं कृती ठरली: शाई, पोटॅश आणि लोखंडाचा कीस एकत्र तापवायचा. सुंदर निळा रंग उतरला. १८८७पासून लाइनरनी या विषयावर एकामागून एक ३ पुस्तकं लिहिली, आक्षेप घेणाऱ्यांना उत्तरं दिली आणि त्यांचे हजारो अनुयायी निळा धागा बांधून हिंडू लागले.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इसाक हेर्झोग या तरुण राब्बीनं, जे पुढे आयर्लंडचे आणि मग पॅलेस्टाइनचे मुख्य राब्बी झाले, लंडन विद्यापीठासाठी याच रंगावर प्रबंध लिहिला. राद्झिनचा धागा त्यांनी रसायनशास्त्रज्ञांकडून तपासून घेतला. निकाल: प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये जनावरांच्या रक्तापासून हाच रंग बनला होता. त्याला लागतो तो सेंद्रिय पदार्थातला नायट्रोजन आणि लोखंड. माकुलाच्या जागी बैलाचं रक्त घेतलं असतं तरी धागा तितकाच निळा झाला असता. लाइनर तोवर हयात नव्हते.

मग खरा हिल्लाझोन कोण? फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लाकाझ-द्युतिए यानं १८५८मध्येच मिनोर्का बेटावर कोळ्याला एका शंखातल्या गोगलगायीनं कपड्यावर खुणा करताना पाहून प्राचीन जांभळ्या रंगाचा माग काढला होता. पण ती म्युरेक्स गोगलगाय जांभळा देते, निळा नव्हे. ती अडचण १९८०च्या दशकात सुटली. इस्राएली रसायनशास्त्रज्ञ ओटो एल्सनर यांच्या लक्षात आलं की रंगाचं द्रावण ऊन लागलं की शुद्ध निळ्याकडे झुकतं, कारण उन्हानं रेणूतला ब्रोमिन निघून जातो. उरतं काय? नीळ. झाडापासून काढतात तीच, रेणू न् रेणू तीच. आणि तालमुद तर झाडाची नीळ वापरून फसवणाऱ्यावर फार संतापलेलं आहे! निसर्गाला आणि शास्त्रीला वेगवेगळं वाटणारं रसायनाला एकच दिसतं, हे राब्बींना पचवायला अवघड गेलं असेल. राद्झिनचे हसीदी मात्र आजही आपल्या गुरूचाच निळा धागा बांधतात.

या सगळ्यांत ज्याला कसलीही सवलत न देता शास्त्रज्ञ म्हणावं असा माणूस इमानुएल ल्योव. जन्म २० जानेवारी १८५४, हंगेरीतल्या तिसा नदीकाठच्या सेगेद शहरात. वडील लिओपोल्ड ल्योव तिथले राब्बी. हंगेरियन भाषेत प्रवचन करणाऱ्या पहिल्या राब्बींपैकी ते एक, आणि १८४८च्या क्रांतीत भाग घेतल्याबद्दल तुरुंगात गेलेले. मुलगा बर्लिनच्या ज्यू विद्यापीठात राब्बी झाला, लाइप्सिकला डॉक्टर झाला आणि १८७८मध्ये वडिलांच्या गादीवर आला. वर्ष उलटायच्या आत, मार्च १८७९मध्ये, तिसा फुटली. हजारो घरांच्या शहरात ३००सुद्धा उभी राहिली नाहीत. तरुण राब्बीच्या कारकिर्दीची सुरुवात गावाच्या पुनर्वसनानं झाली आणि त्या काळातच त्याचा पहिला मोठा ग्रंथ तयार होत होता. १८८१मध्ये लाइप्सिकहून ‘अरमाइक वनस्पतिनामे’ बाहेर पडला. थेओडोर नोल्डेके या त्या काळच्या सर्वांत कडक सेमिटिक विद्वानानं त्याला टिपणं जोडली होती.

ल्योव यांची पद्धत समजून घ्यायला एक झाड पुरे. वल्हांडणाच्या जेवणात कडू भाजी खायची असते. मिश्नात तिचे ५ प्रकार दिलेत, पहिलं नाव हझेरेत. उत्तर युरोपातल्या घरांत मात्र हझेरेत म्हणून किसलेलं हॉर्सरॅडिशचं मूळ वाढतात. हे मूळ मोहरीच्या कुळातलं, नाकात जाणारं झणझणीत, कडू नव्हेच. ल्योव सिरियाक शब्दकोश काढतात, अरबी औषधीग्रंथांतली नावं तपासतात, डायोस्कोरिडीस या प्राचीन वैद्याच्या ग्रीक वर्णनाशी ताडून बघतात. हझेरेत म्हणजे सलादाचं लेट्यूस, पान कोवळं असताना गोडसर आणि जून झालं की कडू चीक सोडणारं. पोलंडात मार्च-एप्रिलला लेट्यूस कुठून मिळणार? जमिनीत हिवाळा काढलेलं मूळ तेवढं हाताशी होतं. भाजी बदलली, नाव तेच राहिलं. धर्मशास्त्रातल्या शब्दाखाली असलेली थंडी ल्योव यांना दिसत होती.

असं प्रत्येक वनस्पतीचं करायचं तर एक जन्म पुरत नाही. ल्योव यांना तो जवळजवळ पुरला. मध्यंतरी मासे, साप, बेडूक यांच्या अरमाइक नावांवर लेख झाले, कोशकारांना मदत झाली. १९०३मध्ये सेगेदचं नवं सिनेगॉग उभं राहिलं. वास्तुकार लिपोत बाउमहोर्न, रंगीत काचा मिक्शा रोत यांच्या, पण त्यांवर आणि भिंतींवर काय असावं हे ठरवलं राब्बींनी. त्यामुळे तिथल्या सजावटीत बायबलातली झाडं वनस्पतिशास्त्राला धरून आली. नुसती वेलबुट्टी नाही. राब्बी-निसर्गअभ्यासकाचं काम ग्रंथालयाबाहेर पाहायचं असेल तर ही इमारत आजही उभी आहे.

१९२०मध्ये हंगेरीची सत्ता हाती घेतलेल्या अ‍ॅडमिरल होर्टींच्या विरोधात बोलल्याचा आरोप ठेवून ६६ वर्षांच्या ल्योव यांना अटक झाली. वर्षाहून जास्त काळ ते कैदेत होते. तिथे ते काम करत राहिले. सुटल्यावर १९२४पासून १९३४पर्यंत ‘ज्यूंच्या वनस्पती’चे ४ खंड व्हिएन्नाहून आले, तेही उलटसुलट क्रमानं, दुसरा-तिसरा आधी आणि पहिला नंतर. कुळांच्या क्रमानं लावलेल्या या ग्रंथात प्रत्येक झाडाचं नाव, ओळख, शेती, औषध, कायदा, म्हणी, लोकसमजुती सगळं एका जागी येतं. दरम्यान १९२७मध्ये ज्या सरकारनं तुरुंगात टाकलं त्याच देशाच्या वरिष्ठ सभागृहात ते ज्यू समाजाचे प्रतिनिधी म्हणून बसले.

मार्च १९४४मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. ल्योव ९० वर्षांचे होते आणि आंधळे झाले होते. त्यांना सेगेदच्या विटांच्या कारखान्यात कोंडलं, मग मृत्युछावणीकडे निघालेल्या गाडीत चढवलं. बुडापेस्टला त्यांना गाडीतून उतरवून घेण्यात आलं. त्याच जुलैमध्ये तिथल्या रुग्णालयात ते वारले.

ल्योव यांच्या कामात उणीव आहे. त्यांचा पुरावा बहुतेक छापील आणि हस्तलिखित. झाड समोर ठेवून नावाचा निवाडा करणं त्यांना क्वचितच शक्य होतं. ते काम पुढे इस्राएलमध्ये येहुदा फेलिक्स यांच्यासारख्यांनी शेतात उतरून केलं आणि काही ओळखी बदलल्या. पण बदलायला आधी काही मांडलेलं असावं लागतं. लिप्शित्झ यांनी निसर्गाला साक्षीदार म्हणून बोलावलं, लाइनरनी त्याच्याकडून हवं ते उत्तर काढून घेतलं, लेव्हिझोन यांनी त्याची यादी केली. झाडाला आधी झाड म्हणून आणि मग शास्त्रवचन म्हणून पाहिलं ते ल्योव यांनीच. एकोणिसाव्या शतकातल्या राब्बींचं निसर्गशास्त्र म्हणून एकच चरित्र लिहायचं झालं तर ते त्यांचंच लिहावं. प्राणी आणि खनिजांवरचं त्यांचं लेखन त्यांच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी, १९६९मध्ये, जर्मनीतल्या हिल्डेसहाइमहून ग्रंथरूपात निघालं. ते छापणारे त्यांच्या भाषेचे होते, पण ज्या समाजासाठी त्यांनी ते लिहिलं होतं तो सेगेदमध्ये फारसा उरला नव्हता.